सुलाबाईची रंगीत सवत

पडदा वर जातो. रंगमंचावर अजून कुणी नाही. मागं उघडा माळ, माळाच्या कडेला चार बाभळी, आणि बाभळींच्या पाठीशी उगवतीचा उजेड नुकता कुठं केशरी होऊ लागलेला. उजव्या हाताला धाब्याचं बुटकं घर. डाव्या हाताला मेंढरं कोंडायची दोरीची जाळी, जिला त्या भागात वाघर म्हणतात. मेंढरं चरायला गेलेली, म्हणून ती रिकामी, सैल लोंबणारी. आणि बरोबर मधोमध, पालथ्या घातलेल्या फुटक्या रांजणावर, अर्धा कापलेला रॉकेलचा डबा. डब्यात निवडुंग.

निवडुंग म्हटल्यावर नाक मुरडायची घाई करू नये. उजेड माळावरून सरकत येतो, रांजणाला टेकतो, डब्यावर चढतो, आणि मग दिसतं की हा निवडुंग आपल्या बांधावरचा नव्हे. फडे हिरवे आहेत, पण त्या हिरव्यावर सायीसारखे पांढरे ओघळ आहेत. ओघळांच्या कडांना गुलाबी झाक आहे. कुठं पिवळसर शिंतोडे, कुठं नुसतीच दुधाची धार. आणि शेंड्याचा कोवळा फडा तर लहान बाळाच्या तळव्यासारखा गुलाबी. हिरव्याचा त्यात टिपूसही नाही. रंगपटात कुणाच्या तरी धक्क्यानं सगळ्या वाट्या एकदम कलंडाव्यात, आणि नेमक्या या झाडावर कलंडाव्यात, तसं ते दिसतं.

मग घरातून सुलाबाई येते. उंच, सडपातळ, डोईवरचा पदर कानामागं खोचलेला, हातात पितळी तांब्या. ती बोटाचं एक पेर मातीत खुपसून बघते. माती अजून ओली. तांब्या तसाच परत जातो. जाताजाता मात्र ती थांबते आणि त्या काटेरी झाडाला विचारते, "काय बाईसाहेब, झोप झाली का न्हाई?"

हा निवडुंग म्हणजे सुलाबाईची सवत. निदान तिनं वाडीभर तसंच सांगून ठेवलं होतं. विहिरीवर बायका जमल्या की ती घागर खाली ठेवून म्हणायची, "आमच्या मालकांनी साताऱ्याहून दुसरी आणली. जरीचं लुगडं नेसून आली, काडीचं काम करत न्हाई, आनि अंगाला हात लावू देत न्हाई." बायका हसायच्या. सुलाबाई हसायची नाही, म्हणून त्या अधिकच हसायच्या.

वाडी तासगावच्या पूर्वेला होती. गाव मागं पडलं, मळे मागं पडले, काळी जमीन संपून मुरमाड लागली की मग यायची. पंधरा-वीस घरं, बहुतेक धनगरांची. आणि सुलाबाईचा नवरा बिराप्पा हा त्या घरांमधला असा पहिला माणूस, जो जन्मभर मेंढरांमागं हिंडला नाही.

त्याचं असं झालं. तरुण असताना तो घोंगड्यांची चवड खांद्यावर टाकून सांगलीच्या बाजाराला गेला होता. संध्याकाळी नाटकाच्या थेटराबाहेर गर्दी दिसली, म्हणून तोही आत शिरून सगळ्यांच्या मागं उभा राहिला. पहिला अंक संपला आणि पडदा अर्ध्यावरच अडकला. वर जाईना, खाली येईना. नायक मरून पडलेला, आणि त्याला उठताही येईना. लोक शिट्ट्या मारू लागले. बिराप्पानं घोंगडी शेजाऱ्याच्या हातात दिली, खांबावरून सरसर वर चढला, गुंता सोडवला आणि दोरी नव्यानं बांधून दिली. ती गाठ वाघरीची होती. रात्रभर पाचशे मेंढरं रेटत असली तरी सुटत नाही ती. कंपनीचे मालक आप्पासो यांनी त्याला त्या दिवसापासून जाऊच दिलं नाही. पुढं सतरा वर्षं त्यांच्या कंपनीचा पडदा बिराप्पाच्याच हातानं उघडला आणि त्याच्याच हातानं पडला.

वाडीतले लोक हेव्यानं म्हणायचे, रोज फुकट खेळ बघायला मिळतो लेकाला. बिराप्पा मान हलवायचा. खेळ त्याला दिसतच नसे. त्याची नजर दोरीवर. दोरीवरची नजर जरा हलली की पडदा नायकाच्या डोक्यात. पण एक गोष्ट मात्र त्याची स्वतःची होती. बागेच्या प्रवेशाला पडदा उघडला की अंधारातले सगळे लोक एकदम श्वास आत घ्यायचे. माळावर वारा फिरावा तसा तो आवाज. तो आवाज बिराप्पा ऐकायचा, आणि घरी आला की सुलाबाईला सांगायचा.

सुलाबाईनं नाटक कधी पाहिलं नव्हतं. सांगलीही पाहिली नव्हती. पण दुपारी लोकर पिंजताना, हात आपोआप चालत असताना, तिच्या डोळ्यांपुढं ती बाग उभी राहायची. तिच्या मनात ती पडद्यावर रंगवलेली नव्हतीच. तिला वाटायचं, सांगलीत नदीच्या अल्याड अशी एक जागा असेल, जिथं दोरी ओढली की माळाची कड उचलली जाते आणि खाली ओलं गवत, कारंजं, अंगावर रंग सांडलेली झाडं. तिथं कुणीतरी गात असेल. त्या गाण्याला शब्द नसायचे, कारण शब्द तिला ठाऊक नव्हते. लोकरीचे पुंजके हवेत तरंगायचे, उन्हाची तिरीप त्यातून जायची, आणि मेंढरं परत आल्याची चाहूल लागेपर्यंत सुलाबाई त्या बागेत असायची.

रंगीत निवडुंग त्या बागेतलाच. कंपनी बागेच्या प्रवेशासाठी खऱ्या फुलांच्या कुंड्या न्यायची, पण सांगली ते रहिमतपूर, रहिमतपूर ते सातारा असे मुक्काम पडू लागले की गुलाब वाटेतच माना टाकायचे. साताऱ्यात कॅम्पातल्या एका साहेबाच्या बंगल्यावर नाथाजी नावाचा माळी होता. त्यानं बिराप्पाला हा निवडुंग दाखवला. न पाणी मागणारा, न कोमेजणारा, आणि बत्तीच्या उजेडात असा खुलणारा की पुढच्या रांगेतली माणसं तो कागदाचा म्हणून पैज लावतील. नाथाजीनं त्याचा एक फडा दिला आणि बदल्यात घरच्या चार माणसांना खेळाला पुढच्या रांगेत बसवून घेतलं. त्या एका फड्याचं कमरेएवढं झाड झालं.

मग बोलपट आले, मग लढाई आली, रॉकेल रेशनवर गेलं. बेचाळीस साली आप्पासोंनी कंपनी मिटली. शेवटच्या दिवशी त्यांनी ज्याला जे लागेल ते वाटलं. बिराप्पाच्या पुढ्यात त्यांनी डबा ठेवला आणि सांगितलं की कंपनी परत उभी राहिली तर बागेच्या प्रवेशाला हे घेऊन ये. बिराप्पानं शब्द दिला. त्याच्यासारखा माणूस शब्द देतो तेव्हा गळ्यात दोरी बांधून घेतल्यासारखाच देतो.

झाड घरी आलं तेव्हा सुलाबाईनं कपाळाला हात लावला. तिच्या माहेरी निवडुंग म्हणजे दुष्काळ. ती नऊ-दहा वर्षांची असताना असा दुष्काळ पडला की माळावर कुसळ उरलं नाही. तेव्हा तिचा बाप ओढ्याकाठचे फडे तोडायचा, सळीला टोचून जाळावर धरायचा. काटे चरचर जळायचे. मग तो गरम, बुळबुळीत फडा मेंढरांपुढं पडायचा आणि मेंढरं लाळ गाळत तो खायची. तो वास तिच्या नाकातून कधी गेला नव्हता. आणि आता तेच झाड दारात, रांजणाच्या चौरंगावर.

पण दोन वर्षं तिनं नवऱ्याकडं बघून बघून सगळं शिकून घेतलं. ओढ्यातली जाड वाळू, जुन्या लेंड्यांचा भुगा, खाली खापराचे तुकडे. दुपारच्या उन्हात पांढरा भाग भाजतो, म्हणून बारा वाजले की चार काठ्यांवर घोंगडीचा तुकडा. फड्यांवर पांढरा कापसासारखा बुरा दिसला की रिठ्याच्या पाण्यात बुडवलेल्या लोकरीच्या बोळ्यानं तो पुसायचा. तो बुरा म्हणजे किडाच; असल्याच किड्यानं माळावरचा सगळा जंगली निवडुंग एक-दोन सालांत खाऊन टाकला होता. तो बुरा चिरडला की बोट कुंकवासारखं लाल व्हायचं. पहिल्यांदा झालं तेव्हा सुलाबाईनं ते बोट बराच वेळ उन्हात धरून पाहिलं होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं असं एक. चव्वेचाळीस साली बिराप्पा सांगलीला एका टॉकीजच्या दारावर कामाला लागला. जिनं कंपनी खाल्ली तिच्याच दारात उभं राहायचं, असं तो म्हणायचा. निघताना त्यानं बजावलं होतं, "सुला, हिरवा फुटवा आला की मोडायचा. नुसता हिरवा. दया करायची न्हाई."

चूक झाली ती इथं.

पुढच्या उन्हाळ्यात बुंध्याजवळ हिरवा फुटवा आला. नितळ, टपोरा, कुठंही डाग नाही. त्या साली ओढा फाल्गुनातच आटला होता. माळ भाकरीच्या करपलेल्या बाजूसारखा. जिकडं बघावं तिकडं मेलेला रंग, आणि त्यात हा एवढासा हिरवा. सुलाबाईनं दोनदा हात पुढं केला आणि दोनदा मागं घेतला. जिच्या घरात मेंढरू हिरव्या काडीसाठी वीस-वीस कोस चालतं, तिला हिरवं मोडायला सांगणं हीच मुळी आगळीक होती. तिला वाटलं, रंगीत फडे हे आजारी लेकरू. हा धडधाकट भाऊ आला आहे, तो त्याला सांभाळील. तिनं फुटवा ठेवला. त्याला आणखी दोन आले. तेही ठेवले.

धडधाकट भावानं मात्र ताटातलं सगळं एकट्यानं ओढलं. वर्षभरात डब्याचा अर्धा भाग गर्द हिरवा, ढालीएवढ्या फड्यांचा झाला आणि रंगीत बाजू आक्रसून एका कडेला गेली. बिरोबाच्या जत्रेला बिराप्पा एका दिवसासाठी आला, तेव्हा सुलाबाईनं त्याला लांबून येताना पाहिलं आणि पटकन डबा फिरवून ठेवला. रंगीत तोंड वाटेकडं, हिरवं भिंतीकडं. बिराप्पानं अंगणातूनच हात जोडले, आधी बिरोबाच्या दिशेला आणि मग झाडाला, आणि समाधानानं जेवायला बसला.

शेहेचाळीसच्या श्रावणात बिराप्पाचं पोस्टकार्ड आलं. वाडीत पत्र वाचणारा एकच, लालासाहेब. पलटणीतून नाईक होऊन, इटलीत लढून परतलेला शेजारी. त्यानं कार्ड हातभर लांब धरलं, घसा साफ केला आणि हुकूम वाचावा तसं वाचलं. आप्पासोंनी जुनी माणसं गोळा केली होती. दिवाळीनंतरच्या पुनवेला सांगलीत एकच खेळ, पुन्हा होणार नाही. दोरीवर बिराप्पा. आणि बागेच्या प्रवेशाला ते झाड पाहिजेच. पाडव्याला बिराप्पा न्यायला येणार होता. शेवटच्या दोन ओळी त्यानं लिहिणाऱ्याकडून मुद्दाम घालून घेतल्या होत्या: आप्पासोंनी विचारलं, झाड आहे का, मी म्हटलं, माझ्या घरची डोळ्यांत तेल घालून बघते.

लालासाहेबानं कार्ड खाली केलं आणि झाडाकडं नजर टाकली. "वहिनी," तो म्हणाला, "ह्यो तर समदा दुश्मनानं काबीज केलेला मुलूख दिसतोय."

"आवं नाईक, हसू नगा. काय करू ते सांगा."

लालासाहेबाचं मत असं पडलं की हिरवं सगळं कापून काढावं. सुलाबाईनं कोयता आणला, हिरवं बाजूला सारलं आणि आत बघितलं. आषाढातली भुरभुर त्या दाट हिरव्याआड साचून राहिली होती. रंगीत बाजूचा बुंधा कुजून काळा झाला होता. बोट लावताच एक फांदी आपल्या वजनानं खाली आली, तिच्यामागून दुसरी. पांढरे, पिवळे, दुधाळ फडे मातीत पडले, आणि आतून नुसतं पाणी. राहिला फक्त शेंड्याचा एक. तळहाताएवढा, निव्वळ गुलाबी.

निवडुंगाला मरण नाही असं म्हणतात. फडा नुसता बांधावर फेकला तरी मुळं धरतो. सुलाबाईनं तो गुलाबी फडा चार दिवस सावलीत सुकवला, कोरड्या वाळूत उभा केला आणि वाट पाहिली. आठ दिवस गेले. बारा गेले. फडा म्हातारीच्या गालासारखा सुरकुतला. मूळ एकही नाही. तिनं तो उपटून पाहिला, परत लावला, परत पाहिला. हिरवं नाही त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं; पण हे लेकरू पीत नाही, एवढं तिला दिसत होतं.

त्याच आठवड्यात कळपातली एक मेंढी विताना मेली आणि तिचं कोकरू मागं राहिलं. दुसऱ्या एका मेंढीचं कोकरू आदल्याच दिवशी मेलेलं. अशा वेळी धनगर काय करतात ते सुलाबाई लहानपणापासून करत आली होती. मेलेल्या कोकराचं कातडं काढायचं, ते पोरक्या कोकराच्या पाठीवर अंगरख्यासारखं बांधायचं, आणि त्या मेंढीच्या पुढ्यात सोडायचं. मेंढी हुंगते. वास आपला, म्हणून लाथ मारत नाही. मग तीन दिवस तिथून हलायचं नाही. नजर काढली, कातडं सरकलं, वास बदलला, तर मेंढी कोकराला तुडवून टाकते. तीन दिवस निभावले की मग ते तिचंच.

सुलाबाईनं कातडं बांधलं, लोकरीच्या सुतानं पोटाखाली गाठ मारली, कोकरू सोडलं. ते थरथरत गेलं आणि मेंढीच्या कासेला लागलं. त्याची इवलीशी शेपटी हलू लागली. सुलाबाई मांडी घालून बघत बसली होती, आणि बघता बघता तिची नजर कोकरावरून उठून अंगणाच्या मधोमध गेली. तिथं तो हिरवा उभा होता. रसानं तटतटलेला. पान्हा फुटलेला, आणि पाजायला कुणी नसलेला.

तीन दिवस ती मेंढीपुढून हलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी कोयत्याला धार लावली. हिरव्याच्या सगळ्या फांद्या काढल्या, एकच ठेवली आणि तिचा माथा सपाट कापला. कापल्या जागी चिकट पाणी डबडबलं. गुलाबी फड्याचा वाळलेला तळ तिनं ताज्या ओल्या गरापर्यंत तासला, त्यावर हिरव्याचं ते चिकट पाणी चोळलं, कारण आईला वास यायला हवा. मग ओल्यावर ओलं टेकवलं, बाभळीचे दोन लांब काटे आरपार टोचले, आणि वरून स्वतः कातलेल्या लोकरीचे वेढे घेऊन गाठ मारली. लालासाहेब कुंपणावरून बघत होता. पलटणीच्या दवाखान्यात त्यानं बरंच काही पाहिलेलं होतं, पण असली पट्टी कधी पाहिली नाही, असं तो पुढं सांगत असे.

मग सुलाबाई अंगणातच राहिली. भाकरी तिथंच थापली, लोकर तिथंच पिंजली. ढग सावकाश जायचे, त्यांच्या सावल्या माळावरून मेंढरांसारख्या उतरायच्या, आणि त्या सावल्यांमध्ये तिला कधी वाटायचं फडा किंचित फुगला, कधी वाटायचं आणखी सुकला. ऊन वाढलं की ती घोंगडी सरकवायची. आठव्या दिवशी सुरकुत्या विरल्या. तेव्हाही तिनं कुणाला सांगितलं नाही. सर्वपित्रीच्या सुमाराला गुलाबी फड्याच्या माथ्यावर दोन टिंबं आली, आणि दसऱ्यापर्यंत त्यांचे कोकराच्या कानांसारखे दोन नवे फडे झाले; एक गुलाबी, एकाच्या कडेला लोण्याची रेघ. खाली हिरव्यावरही फुटवे येऊ पाहत होते. ते सुलाबाई रोज सकाळी नखानं खुडायची. आता तिचा हात मागं येत नव्हता. आईनं एकदा परकं लेकरू पदरात घेतलं की त्याचं पोट भरेपर्यंत दुसरं धरायचं नसतं.

पाडव्याला बिराप्पा आला. या वेळी तिनं डबा फिरवला नाही. तो अंगणात थांबला. कमरेएवढं, चार फांद्यांचं झाड त्याच्या डोळ्यांत होतं. पुढ्यात एक हिरवा दांडगा बुंधा आणि त्यावर लोकरीनं बांधलेलं वीतभर गुलाबी. सुलाबाईनं चार दिवस घोकलेली सगळी कारणं एका बाजूला ठेवली आणि खरं ते सांगितलं. फुटवा मोडवला नाही ते. कुजलं ते. आणि जत्रेच्या दिवशी डबा फिरवून ठेवला तेही.

बिराप्पा डब्याजवळ उकिडवा बसला आणि बोटांनी गाठ चाचपू लागला.

"वाघरीची गाठ," तो म्हणाला.

"मग आनि कसली मारणार? मला दुसरी कुठं येती?"

"हिच्यावर मी सतरा वरसं पडदा धरलाय. सुटायची न्हाई." तो उठला, गुडघ्यांवर हात ठेवत, आणि झाडाकडंच बघत म्हणाला, "पन वाटंत हादरे लय. डबा मांडीवर धराय पायजे. आनि गाठ जिनं मारली, तिनंच धरायचा."

अशी सुलाबाई सांगलीला निघाली. मेंढरं दिराकडं सोपवली. तासगावपर्यंत बैलगाडी, पुढं सर्व्हिस मोटार. चाक खड्ड्यात गेलं की ती स्वतः उचलली जायची, पण डबा मांडीवर भरल्या घागरीसारखा स्थिर. मोटारीतल्या एका बाईनं विचारलं, मांडीवर काय एवढं? सुलाबाई म्हणाली, सवत. बाई जरा पलीकडं सरकून बसली.

थेटरात आप्पासो भेटले. पांढरे झालेले, काठी टेकत आलेले. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, एवढंच उरलं का? बिराप्पानं तोंड उघडलं, तेवढ्यात सुलाबाईच पुढं झाली. तिनं सांगितलं की बाकीचं तिच्या हातून गेलं, हे एक परक्या आईला लावून वाचवलंय. आप्पासोंनी मागं वळून पाहिलं. रंगपटात पाच म्हातारे आरशापुढं बसले होते, एक पेटी होती, एक तबला होता. राणीचं काम करायचा तो आकाराम साठीच्या पुढं गेलेला. हात थरथरत होता, म्हणून कुंकू दुसऱ्याकडून लावून घेत होता. आप्पासो हसले आणि म्हणाले, "आमचंही एवढंच उरलंय, बाई. मधोमध ठेवा."

बिराप्पानं तिला आडोशाला, जिथून रंगमंच दिसतो आणि लोकांना आपण दिसत नाही, अशा जागी पालथ्या पेटीवर बसवलं. स्वतः समोरच्या बाजूला, दोरीशी. पहिला अंक झाला. मग दिवे उतरले. अंधारात कंपनीच्या माणसांनी मागं बागेचा पडदा सोडला, कुंड्या लावल्या, आणि सगळ्यांच्या पुढं, बरोबर मध्यभागी, तिवईवर तो डबा. बत्ती लागली. बिराप्पाच्या हातांनी दोरी ओढली.

आणि सुलाबाईनं तो आवाज ऐकला. अंधारातल्या शेकडो लोकांनी एकदम आत घेतलेला श्वास. माळावर वारा फिरावा तसा.

बत्तीच्या उजेडात तो गुलाबी फडा आतून पेटल्यासारखा दिसत होता. त्याचे दोन कान ताठ उभे होते. मागं रंगवलेलं कारंजं, रंगवलेल्या वेली, आणि त्यात हे एकच खरं. पुढच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, कागदाचा आहे. आकाराम राणी होऊन आला. पाठमोरा असताना म्हातारा होता; लोकांकडं वळला तेव्हा नव्हता. त्यानं सूर लावला, बागेतून हिंडत हिंडत झाडाजवळ आला, आणि वळताना त्याच्या शेल्याची झालर काट्यात अडकली.

तिवई किंचित हलली. सुलाबाई पेटीवरून अर्धी उठली. आकारामनं मागं पाहिलं नाही, ओढलं नाही. सूर तसाच लांबवत तो हळूच वाकला, जणू फुलाचा वास घेतोय, आणि गाता गाता एकेक धागा बोटांनी सोडवत राहिला. मघाशी थरथरणारा हात जराही थरथरला नाही. शेवटचा धागा सुटला तेव्हा तान संपली. गाठ जागच्या जागी. लोकांनी थेटर डोक्यावर घेतलं, आणि त्याला ते गाणं पुन्हा म्हणावं लागलं.

खेळ संपला. माणसं पांगली. बत्त्या एकेक करून उतरल्या आणि रंगवलेली बाग पुन्हा कापड झाली. बिराप्पा शेवटची दोरी कोपर आणि अंगठ्याभोवती गुंडाळत आला. सुलाबाई डबा मांडीवर घेऊन त्याच पेटीवर बसलेली होती. तो तिच्याशेजारी टेकला. त्यानं विचारलं, बाग कशी होती, राणीचं काम कसं झालं, शेवटी काय होतं त्या नाटकात. सतरा वर्षं दोरीकडं बघत काढली, त्याला कधी दिसलं नाही, आता तिनं तरी सांगावं.

सुलाबाईनं अंगठ्यानं गाठ दाबून पाहिली आणि मग म्हणाली, "खेळाचं मला इचारू नगा. गाडीत हादरलंय हे लेकरू. आनि परक्या आईला लावलेल्या कोकरावरनं नजर काढायची नसती."